व्हर्च्युअलबॉक्समध्ये उबुंटूची स्क्रीन काळीच राहते?

व्हर्च्युअलबॉक्स म्हणजे संगणकातच दुसरा, आभासी संगणक (व्हर्च्युअल मशीन) चालवणारं सॉफ्टवेअर. त्यात उबुंटू लिनक्स सुरू करून पासवर्ड टाकला की डेस्कटॉपऐवजी नुसता काळोख. लगेच पुन्हा इन्स्टॉल करायला घेऊ नका. घोळ बहुधा डिस्प्ले सेटिंगचा असतो.

१. व्हर्च्युअल मशीन पूर्ण शटडाउन करा. ‘सेव्ह स्टेट’ने, म्हणजे आहे त्या स्थितीत गोठवून, बंद केलं असेल तर पुढचे पर्याय फिके दिसतात, बदलता येत नाहीत.

२. व्हर्च्युअलबॉक्समध्ये त्या मशीनच्या सेटिंग्ज, मग डिस्प्ले. व्हिडिओ मेमरी १६ एमबी असेल तर १२८ करा. ग्राफिक्स कंट्रोलर व्हीएमएसव्हीजीए ठेवा. थ्रीडी अ‍ॅक्सिलरेशनची टिक काढा, खरा त्रास बहुतेकदा तिचाच.

३. तरीही काळोखच? मूळ संगणक (होस्ट) विंडोज किंवा लिनक्सचा असेल तर मशीन चालू असताना उजवं कंट्रोल आणि एफ३ एकत्र दाबा. अक्षरी लॉगिन आलं तर लिनक्स ठीक आहे, अडलंय फक्त डेस्कटॉप. आधी उबुंटूची डिस्क भरलीय का ते बघा, त्यानेही डेस्कटॉप अडतो.