वाचाघात झालेल्या माणसाचं बोलणं कसं टिपावं

वाचाघात म्हणजे मेंदूला इजा झाल्याने बोलणं, समजणं बिघडणं. मेंदू आणि भाषेचा अभ्यास करायला येणाऱ्या मुलांना आधी एमआरआयची चित्रं बघायची असतात. मी त्यांना वही आणायला सांगते. १८६१ मध्ये पॉल ब्रोका या फ्रेंच डॉक्टरकडे कुठला आला स्कॅन? 'टॅन' एवढंच बोलू शकणारा एक रुग्ण, आणि तो गेल्यावर मेंदूच्या डाव्या बाजूला पुढे दिसलेली इजा, एवढ्यावरच त्याने बोलण्याची जागा दाखवली.

पहिल्या पानावर भाषा लिहा. गोव्यातल्या डिचोलीकडच्या एखाद्या रुग्ण आजी घरात कोकणी बोलतात, भजन मराठीत म्हणतात, पेपरही मराठी वाचतात. जास्त वापरातली भाषा आधी परतते, असं फ्रेंच डॉक्टर पित्र यांनी १८९५ मध्ये मांडलं. पण पुष्कळांच्या सगळ्या भाषा बरोबरीनेच सुधारतात. तेव्हा एकाच भाषेत विचारून 'समजत नाही' असं लिहिलेली वही माझ्याकडे आणू नका.

टीव्ही बंद, चष्मा डोळ्यांवर. "आजी, डोळे मिटा" म्हणताना स्वतःचे मिटू नका, हातही हलवू नका. घरची माणसं नकळत खुणा करतात आणि मग आजींना सगळं कळतं असं वाटतं. हो-नाहीचे प्रश्न जोडीने विचारा: "पाव पोदेर (पाववाला) आणतो?" आणि "पोदेर म्हशी राखतो?" दोन्हींना मान डोलली तर तो होकार धरायचा नाही.

आता आदोळी दाखवा आणि गप्प बसा. हे गप्प बसणंच मुलांना जमत नाही. 'विळी' म्हणाल्या तर उत्तर बरोबर, फक्त मराठीतलं. 'नारळ' म्हणाल्या तर शब्द अर्थाच्या शेजारचा निघाला. 'आळोदी' म्हणाल्या तर शब्द सापडलाय, आवाजांची जुळणी चुकली. तिन्ही जसंच्या तसं उतरवा, सुधारू नका. अडल्याच तर "आ..." एवढंच द्या आणि त्याने शब्द सुटला का तेही लिहा. मग एखादं छोटं वाक्य तुमच्यामागून म्हणायला सांगा. काहींना समजतं, बोलताही येतं, नेमकं हेच जमत नाही.

आरती, वार, एक ते दहा हे वेगळ्या पानावर. पाणी मागता न येणारा माणूसही आरती सलग म्हणू शकतो. घरच्यांना आनंद होऊ द्या, पण त्यावरून भाषा परतली असं लिहू नका.

आजी दमल्या की थांबा. आणि बोलता बोलता तोंड वाकडं झालं किंवा शब्द अचानक गेले, तर वही टाका आणि १०८ ला फोन लावा.