‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ वाचताना काळ आणि ठिकाणं कशी शोधावीत

चार्ल्स डिकन्सची ही कादंबरी छापली गेली १८६०-६१ मध्ये, म्हणून गोष्टही तेव्हाचीच धरली की पुढची सगळी टिपणं बिघडतात. आधी काळ ठरवा. खुणा पुस्तकातच आहेत. गोष्टीचा नायक पिप, त्याला एकेक पौंडाच्या दोन नोटा मिळतात. बँक ऑफ इंग्लंडने त्या १७९७ पासून काढल्या आणि १८२० च्या दशकात बंद केल्या. शेवटाकडे नदीतून जाताना पिप मुद्दाम सांगतो, तेव्हा जुना लंडन ब्रिज होता. नवा खुला झाला १८३१ मध्ये. त्यामुळे आगगाडी शोधत बसू नका.

मग ठिकाणांचे दोन रकाने करा. लंडनमधली ठिकाणं नावानिशी येतात: स्मिथफील्ड, लिटल ब्रिटन, वॉलवर्थ. ती जुन्या नकाशात पाहा. आजच्या नकाशात न्यूगेटच्या तुरुंगाच्या जागी ओल्ड बेलीचं कोर्ट दिसेल. केंटमधल्या पिपच्या गावाला मात्र डिकन्स नावच देत नाही. बाजाराचं गाव रॉचेस्टरवर बेतलंय, सुरुवातीचं चर्च बहुधा कूलिंग या खेड्यातलं. तिथे मुलांच्या १३ छोट्या कबरी आहेत, कादंबरीत ५. दुसऱ्या रकान्यात म्हणून ‘आधार’ लिहा, ‘हेच’ नको. सगळ्यात फसवं सॅटिस हाउस: त्या नावाचं घर रॉचेस्टरमध्ये खरंच आहे, पण कादंबरीतल्या श्रीमंत मिस हॅविशॅमच्या, याच नावाच्या वाड्याचा नमुना मानतात तो रेस्टोरेशन हाउस.

अंतरं आपल्या रस्त्यांवर मोजा. रॉचेस्टर ते लंडन सुमारे ४८ किलोमीटर, म्हणजे जवळपास सातारा ते कराड. चार घोड्यांच्या गाडीला पाच तास लागतात.

पैशांचं रुपयांत रूपांतर करू नका, काही हाती लागत नाही. १२ पेन्सचा शिलिंग, २० शिलिंगांचा पौंड, २१ शिलिंगांची गिनी. पिपने मेहुणा जो याच्याकडे लोहारकाम शिकावं, या उमेदवारीसाठी मिस हॅविशॅम २५ गिनी देते, म्हणजे २६ पौंड ५ शिलिंग. पुढे पिपला वर्षाला ५०० पौंड मिळतात. ही तुलना पुरे.

शब्दांपैकी ‘हल्क्स’ म्हणजे मोडीत निघालेल्या जहाजांवरचे तुरुंग. तिथून पळालेला कैदी मॅग्विच, त्याच्या शिक्षेला ‘काळं पाणी’ म्हटलं तर चालेल, फक्त समासात न्यू साउथ वेल्स लिहा, नाहीतर वाचणारा थेट अंदमानात पोचतो. ‘विटल्स’ डिक्शनरीत सापडला नाही तर डब्ल्यूच्या जागी व्ही ठेवून बघा. तो अन्नासाठीच्या ‘व्हिटल्स’चा (स्पेलिंग victuals) बोलीतला उच्चार. ‘बर्नार्ड्स इन’ ही मुळात वकिलांच्या जुन्या संस्थेची इमारत; तिला लॉज समजाल, तर हरकत नाही. लंडनला जाताना पिपलाही ते मिस्टर बर्नार्डचं हॉटेलच वाटलं होतं.