जुडीचं वजन: ठाणे-नवी मुंबईच्या बाजारांची खुली माहिती कशी जमवावी

ठाण्याच्या बाजारात मेथी जुडीने मिळते, मासळी वाट्याने, हापूस डझनाने. सरकारी तक्त्यात भाव बहुतेक वेळा क्विंटलचा असतो. ही मापं एकमेकांना जोडली नाहीत, तर वर्षभर जमवलेली माहितीही दुसऱ्या कुणाला वापरता येत नाही. म्हणून पहिला खर्च काट्यावर करा. ५ किलोपर्यंत तोलणारा आणि १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा साधा काटा पुरतो.

बाजारात जाण्याआधी तयार माहिती उतरवून घ्या. राज्य कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर मुंबई बाजार समितीची, म्हणजे वाशी-तुर्भ्याची, रोजची आवक आणि दर मिळतात. परिमाणाचा रकाना कधीही गाळू नका. पालेभाजी पुष्कळदा नगावर नोंदलेली असते आणि तो आकडा क्विंटल समजून बेरीज केली, तर कोथिंबीर कांद्याला मागे टाकते. ‘सर्वसाधारण दर’ म्हणजे कमीत कमी आणि जास्तीत जास्त दरांची सरासरी नव्हे. बहुतेक माल ज्या दराने गेला तो दर. शिवाय तुर्भ्याची आवक म्हणजे नवी मुंबईचं जेवण नव्हे. तिथून माल मुंबईभर जातो. उलट २०१६ मध्ये फळं-भाज्या बाजार आवाराबाहेर नियमनमुक्त झाल्यापासून, म्हणजे त्यांवरचं समितीचं बंधन उठल्यापासून, बराच माल समितीच्या वहीत न येता थेट सोसायट्यांच्या दारी उतरतो.

आता जुडी. एकाच बाजारात तीन विक्रेत्यांकडून तीन-तीन जुड्या विकत घ्या. नुसत्या तोलायला मागू नका, धंद्याच्या वेळेत ते बरोबर नाही. पावसाळ्यात जुडी झटकून पाणी काढा, नाहीतर पाण्याचंच वजन धरलं जातं. मुळं आणि मातीसकट एकदा तोला, निवडून झाल्यावर खाण्याजोगा भाग पुन्हा तोला आणि दोन्ही आकडे लिहा. नऊ वजनं चढत्या क्रमाने लावून पाचवं घ्या. सरासरी घेतली तर एखादी दांडगी जुडी सगळा हिशोब बिघडवते. हे दर पंधरा दिवसांनी करावंच लागतं, कारण महागाईत जुडीचा भाव पुष्कळदा तोच राहतो आणि जुडी बारीक होते. फक्त भाव लिहिणाऱ्याला ही भाववाढ दिसतच नाही. वाट्याचंही तसंच, आणि मासळीच्या वाट्यात तर आकारही बदलतो; तिथे नगही मोजा.

‘मावशी, माल कुठला?’ या प्रश्नाला ‘वाशीचा’ असं उत्तर आलं, तर ते खरेदीचं ठिकाण आहे, पिकाचं गाव नाही. दोन्हींसाठी वेगळे रकाने ठेवा. ‘गावठी’ हा शब्द गावाच्या रकान्यात लिहू नका, शेऱ्यात लिहा. सांगितलेला भाव आणि दिलेला भावही वेगवेगळा नोंदवा. वेळ हवीच: सकाळी आठचा पालक आणि रात्री नऊचा पालक यांचा भाव एक नसतो.

नावं फसवतात. फरसबी आणि श्रावणघेवडा एकच. पण ‘चवळी’ म्हटलं की पालेभाजीही असते आणि कडधान्यही, आणि या दोन अगदी वेगळ्या वनस्पती आहेत. रानभाज्यांना तर शास्त्रीय नाव जोडल्याशिवाय गत्यंतर नाही: टाकळा म्हणजे सेना टोरा, कुरडू म्हणजे सेलोशिया अर्जेन्टिया, कंटोळी किंवा करटोली म्हणजे मोमॉर्डिका डायोइका. विक्रेत्याने उच्चारलेलं नाव मात्र पुसू नका. त्याचा स्वतःचा रकाना ठेवा.

माल आलाच नसेल तर ० लिहा, तुम्ही गेला नसाल तर रकाना रिकामा ठेवा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. या फरकाशिवाय त्या दोन महिन्यांतला ० बंदीमुळे की तुमच्या सुट्टीमुळे, ते कळत नाही. जुन्या आकड्यांशी तुलना करताना १ ऑगस्ट २०१४ ध्यानात ठेवा. त्या दिवशी पालघर वेगळा झाला. त्याआधीच्या ‘ठाणे जिल्ह्यात’ डहाणू, जव्हार आणि वाडा धरलेले आहेत.

फाइल सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या मजकुराच्या रूपात, युनिकोड यूटीएफ-८ मध्ये जतन करा. जुन्या मराठी फॉन्टमधला मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर चिन्हांचा खच होतो. आकड्यांच्या रकान्यात इंग्रजी अंक वापरा, कारण देवनागरी अंकांची बेरीज प्रत्येक संगणकावर होईलच असं नाही. तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहा, म्हणजे ५ जूनचा ६ मे होणार नाही.

प्रसिद्ध करण्याआधी विक्रेत्याचं नाव, मोबाइल आणि चेहरा काढून टाका. जागेचे अक्षांश-रेखांश दोन दशांश स्थळांपुरते, म्हणजे साधारण एक किलोमीटरपर्यंत, ढोबळ करा. तीन स्थळं ठेवली तर शंभरेक मीटरच्या आत माणूस सापडतो, आणि परवाना नसलेल्या फेरीवाल्याची टोपली उचलायला तेवढं पुरतं. मुरबाड-शहापूरकडून येणाऱ्या रानभाजीवाल्या बायकांच्या बाबतीत फक्त बाजाराचं नाव द्या, तोडणीची जागा कधीच नको.

स्वतः जमवलेल्या माहितीला क्रिएटिव्ह कॉमन्स ॲट्रिब्युशन ४.० परवाना द्या, म्हणजे तुमचं नाव देऊन ती कुणालाही वापरता येते. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशातून बाजारांची ठिकाणं उचलून त्यात मिसळली असतील, तर तो संग्रह त्यांच्याच ओडीबीएल परवान्याखाली द्यावा लागतो. म्हणून ती फाइल वेगळी ठेवणं सोयीचं. सोबत रकान्यांचा अर्थ सांगणारी मराठी वाचा-फाइल आणि जुडीच्या वजनांचा तारीखवार तक्ता जोडा. झेनोडो या संशोधनाची माहिती साठवणाऱ्या संकेतस्थळावर चढवलं की कायमचा क्रमांक मिळतो. चूक सापडली तर जुनी फाइल न खोडता नवी आवृत्ती चढवा आणि काय बदललं ते पहिल्या ओळीत लिहा.