सर्व्हिस डॉगला घेऊन बाइकवर लांब निघताय? या चुका टाळा

सर्व्हिस डॉग म्हणजे आजारी किंवा अपंग माणसाच्या मदतीसाठी शिकवलेला कुत्रा. सगळ्यात मोठी चूक म्हणजे बाइक चालू असतानाही तो आपलं काम करेल असं धरून चालणं. माझ्या रक्तातली साखर उतरायला लागली की माझी लॅब्रॅडोर ते वासावरून ओळखते आणि माझ्या गुडघ्यावर पंजा मारते. पण बाइकवर माझ्या मागे बसवलेल्या तिच्या डब्यात तो वास तिच्यापर्यंत पोचणार कसा? वारा सगळा उडवून नेतो. तिने नाकाने ढोसलं, तरी जाड जॅकेटमधून मला ते जाणवत नाही. म्हणून चालवताना माझी भिस्त अंगावरच्या ग्लुकोज सेन्सरवर आणि त्याच्या थरथरणाऱ्या अलार्मवर असते. दर दीड-दोन तासांनी थांबते. हेल्मेट काढायचं, तिला खाली घ्यायचं, पाणी द्यायचं आणि पाच मिनिटं तिच्या तोंडाजवळ शांत बसायचं. तिची ड्यूटी तिथे सुरू होते.

गळपट्ट्याला दोरी बांधू नका. करकचून ब्रेक लागला तर सगळा हिसका मानेवर येतो. छातीवर बसणारा हार्नेस घ्या. पट्टा इतकाच ठेवा की तिला उठून वळता येईल, पण डब्याबाहेर उडी मारता येणार नाही. आणि रोज मुक्कामाला पोचलात की तिच्या काखेत बोटं फिरवा. पहिल्या मोठ्या प्रवासात तिसऱ्या दिवशी माझ्या बोटांना तिथे ओलसर, केस गेलेली जागा लागली. ती एकदाही कुरकुरली नव्हती. कामाच्या वेळी गप्प राहायला शिकलेलं जनावर आहे ते, आपणच बघायला हवं.

“वारा लागतोय, म्हणजे तिला उकडत नसेल” हा समज तर जिवावर बेतू शकतो. कुत्रा मुख्यतः धापा टाकून अंग थंड करतो. त्याचं नेहमीचं तापमान 38.3 ते 39.2 अंश सेल्सिअस असतं. 41 म्हणजे जिवाशी गाठ. जीभ गडद लाल, लाळ चिकट आणि पाय लटपटताना दिसले, तर सावलीत न्या, अंगावर गार पाणी ओता, वारा घाला आणि लगेच पशुवैद्य गाठा. डांबरावर उतरवण्याआधी तळहाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून पाहा. तुम्हाला सोसत नसेल तर तिलाही सोसणार नाही.

डबा आणला आणि दुसऱ्या दिवशी निघालो, असं चालत नाही. आधी तो जमिनीवर ठेवून त्यात खाऊ द्या, मग उभ्या बाइकवर, मग इंजिन सुरू करून, मग दहा मिनिटांची फेरी. मध्येच आत जायला नकार दिला तर ओढू नका, एक पायरी मागे या. उलटी होत असेल तर निघण्याआधीचे तीन तास खायला देऊ नका. डोळ्यांना गॉगल हवाच.

वजनाचा हिशेब बरेच जण विसरतात. 28 किलोचा कुत्रा, वर डबा, वर सामान, हे सगळं मागच्या चाकावर. मॅन्युअलमधली भाराची मर्यादा बघा, प्रीलोड (मागच्या स्प्रिंगवरचा ताण) वाढवा, टायरमधली हवा आणि हेडलाइटचा कोन तपासा.

कागदपत्रांत देशोदेशी फरक आहे. अमेरिकेत कायद्याने सर्व्हिस डॉगची नोंदणी सक्तीची नाही. इतर काही देशांत प्रशिक्षणाचा दाखला मागतात. युरोपीय संघात जायचं तर आधी मायक्रोचिप (कातडीखाली बसवायची ओळखीची चिप), मग रेबीजची लस आणि पहिल्या लसीनंतर किमान 21 दिवस थांबायचं. लस आधी आणि चिप नंतर असा क्रम झाला तर ती लस धरली जात नाही, पुन्हा टोचून घ्यावी लागते.