प्रथिनांच्या घडीची उत्क्रांती अभ्यासताय? या चुका टाळा

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी; ती दुमडून ठराविक आकारात बसते, ती तिची घडी. दोन प्रथिनांची अंतिम रचना सारखी, म्हणजे घडी पडण्याची वाटही सारखीच, हे गृहीतक मला शोधनिबंधांच्या मसुद्यांमध्ये सारखं भेटतं. जीवाणूंमधली प्रोटीन जी आणि प्रोटीन एल ही दोन प्रथिनं घ्या. दोघांची घडी एकच: दोन बीटा हेअरपिन (चिमट्यासारखी वळलेली दुपदरी पट्टी) आणि मधे एक हेलिक्स (मळसूत्रासारखं वेटोळं). तरी संक्रमण अवस्थेत, म्हणजे घडी पडतानाच्या सर्वांत अवघड उंबरठ्यावर, एलची पहिली हेअरपिन बनलेली असते आणि जीची दुसरी. २००१ मध्ये डेव्हिड बेकर यांच्या गटाने जीची पहिली हेअरपिन नव्याने बेतली आणि प्रथिन एलसारखं घडू लागलं. एवढ्याशा बदलाने वाट फिरते, मग उत्क्रांतीत ती तशीच राहिली असेल असं कशावरून? अल्फाफोल्ड हा रचनेचा अंदाज बांधणारा संगणकीय प्रोग्राम शेवटची रचना सांगतो, ती कोणत्या क्रमाने बनली ते त्यातून कळत नाही.

नुसतं 'वाट बदलली' लिहिणंही अपुरंच. सुझन मार्कुसी यांच्या प्रयोगशाळेने रायबोन्यूक्लिएज एच या एन्झाइमचे पूर्वज, म्हणजे आजच्या प्रथिनांवरून अंदाजलेली त्याची जुनी रूपं, प्रयोगशाळेत पुन्हा बनवून तपासले. मधली अर्धवट घडलेली अवस्था (मध्यावस्था) सगळ्यांत टिकून होती, पण तिथवर पोचताना प्रथिनातलं ए नावाचं हेलिक्स आधी की डी नावाचं, हा क्रम सगळीकडे एक नव्हता. कोणती पायरी बदलली ते नेमकं लिहा.

आता माझा सगळ्यात मोठा वैताग: प्रोलीन हे अमिनो आम्ल. एका हुशार, पण घाईच्या विद्यार्थ्याने पूर्वज आणि आजचं प्रथिन किती वेगाने घडतं ते स्टॉप्ड-फ्लोवर (द्रावणं झटकन मिसळून पुढचा बदल टिपणाऱ्या यंत्रावर) शेजारीशेजारी मोजलं. आजच्यात एक संथ टप्पा जास्त दिसला. 'उत्क्रांतीने नवी मध्यावस्था आणली' या शीर्षकाचं पोस्टरही छापून तयार! मी दोन्ही प्रथिनांचे अमिनो आम्लांचे क्रम समोर ठेवले, तर आजच्या प्रथिनात एक प्रोलीन जास्त होतं. उलगडलेल्या साखळीत प्रोलीनचा बंध सिस आणि ट्रान्स या दोन मांडण्यांमध्ये फिरतो आणि तो परत जागेवर यायला सेकंदांपासून मिनिटांपर्यंत वेळ लागतो. त्या विद्यार्थ्याला मी 'दुहेरी उडी' नावाचा प्रयोग करायला लावला: प्रथिन थोडाच वेळ उलगडायचं, प्रोलीन फिरायच्या आत परत घडू द्यायचं. संथ टप्पा गेला, पोस्टरही गेलं. हा प्रयोग झाल्याशिवाय 'मध्यावस्था' हा शब्द मी वहीत लिहू देत नाही. एका दुपारचं काम असतं, पण तेवढाही धीर नसतो लोकांना.

फाय-मूल्यं (एखादी जागा संक्रमण अवस्थेत किती घडलेली असते ते सांगणारे आकडे) काढताना उत्परिवर्तनाने, म्हणजे मुद्दाम बदललेल्या अमिनो आम्लाने, स्थैर्य जेमतेम हललं असेल तर तो आकडा टाकून द्या.

उष्णताप्रेमी (खूप गरम जागी जगणाऱ्या) आणि साध्या जीवाणूच्या प्रथिनांचे वेग एकाच तापमानाला मोजून थांबू नका, सारख्या स्थैर्यालाही तुलना करा.

पूर्वजाचा सर्वांत संभाव्य क्रम वाजवीपेक्षा स्थिर निघू शकतो. मी शंकास्पद जागांवर दुसरं अमिनो आम्ल घातलेला एक पर्यायी पूर्वजही नेहमी बनवते, आणि दोघांची वाट जुळली तरच पुढे जाते.