जुन्या गॅरेजमधलं अनोळखी अवजार कसं ओळखावं

दीड वीत लांबीचा लाकडी दांडा, दोन्ही टोकांना रबराच्या वाट्या, एक मोठी आणि एक लहान. जुन्या अवजारांच्या पेटीत मला पहिल्यांदा ही वस्तू सापडली, तेव्हा पाने आणि पकडी यांच्यामध्ये ती काय करत असेल ते काही केल्या सुचेना. उत्तर इंजिनात होतं. रबराची वाटी व्हॉल्व्हच्या, म्हणजे इंजिनातल्या झडपेच्या, सपाट तोंडाला चिकटते. व्हॉल्व्ह आणि त्याची बैठक यांच्यामध्ये घासायची पेस्ट लावायची आणि दांडा दोन तळहातांमध्ये रवीसारखा मागेपुढे फिरवायचा. दोन्ही धातू एकमेकांवर घासून अशी बैठक होते की तिथून हवा निसटत नाही. मोठी वाटी मोठ्या व्हॉल्व्हसाठी, लहान वाटी लहान व्हॉल्व्हसाठी.

तेव्हापासून अनोळखी अवजार हातात आलं की मी त्याचं नाव शोधत बसत नाही. हे गाडीच्या कोणत्या भागाला भिडत असेल, ते शोधतो. गाडीचं अवजार हा एखाद्या भागाचा उलटा साचा असतो, आणि बहुतेक वेळा त्या काळच्या गाडीच्या एखाद्या दुखण्यावरचं उत्तरही असतो. पुढे गाड्यांमधून ते दुखणं गेलं आणि अवजार तेवढं मागे राहिलं.

पहिली पायरी: घासण्याआधी बघा

गंजलेलं अवजार दिसलं की हात आधी तारेच्या ब्रशकडे जातो. कृपा करून तसं करू नका. ग्राइंडरला लावलेल्या तारेच्या चाकाने मी एका पान्यावरची पुसट अक्षरं कायमची घालवली आहेत, आणि तो पाना कोणाचा होता हे आता कधीच कळणार नाही. आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा. मग थोडं रॉकेल, जुना दातांचा ब्रश आणि सुती फडकं, एवढ्यावर भागवा. ब्रेकच्या कामाचं अवजार वाटलं तर सुकी धूळ फुंकू नका, कॉम्प्रेसरची हवाही मारू नका. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचा. ओल्या फडक्याने पुसा.

अक्षरं वाचायची तर खोलीत अंधार करून टॉर्च अगदी तिरपी धरा. समोरून पडणाऱ्या उजेडात न दिसणारे ठसे सावलीमुळे उठून येतात. खडू चोळून वरचा पुसून काढला की खोलगट अक्षरांत तो उरतो. पातळ कागद ठेवून त्यावर शिसपेन्सिल आडवी घासली तरी चालतं. दांड्याच्या कडा, जबड्याची आतली बाजू आणि सरकत्या भागाखाली झाकलेली जागा बघायला विसरू नका. तिथे हात लागत नाही, त्यामुळे ठसा टिकतो.

दुसरी पायरी: मापं घ्या, आणि आकड्यावर लगेच विश्वास ठेवू नका

इथे बहुतेकांची फसगत होते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. व्हर्निअर कॅलिपरने पान्याच्या जबड्याचं तोंड मोजा आणि ते अंगावर कोरलेल्या आकड्याशी ताडून बघा. अर्धा इंच, म्हणजे चार सूत, असं लिहिलं असेल आणि तोंड १२.७ मिमीच्या जरासं वर भरलं, तर प्रश्न मिटला. तो आकडा नटाच्या समोरासमोरच्या दोन बाजूंमधलं अंतर सांगतो. मिलिमीटरमधले पानेही असेच.

पण पान्यावर १/४ लिहिलंय आणि तोंड मात्र १३.३ मिमी भरतंय, असं झालं तर? पाव इंच म्हणजे तर ६.३५ मिमीच. पाना चुकलेला नाही. तो व्हिटवर्थ मापाचा आहे. इंग्रज अभियंता जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये ५५ अंशांच्या आट्यांची पद्धत मांडली. तिच्यात पान्यावरचा आकडा नटाचं नव्हे, तर आतल्या बोल्टचं माप सांगतो. म्हणून ३/८ व्हिटवर्थचं तोंड १८ मिमी असतं. पुढे बारीक आट्यांची बीएसएफ पद्धत आली. तिच्यात त्याच जाडीच्या बोल्टला एक माप लहान नट होता. त्यामुळे एकाच तोंडावर '१/४ डब्ल्यू' आणि '५/१६ बीएस' अशी दोन मापं कोरलेली दिसतात. दोन्ही खरी आहेत.

तोंड अगदी लहान आणि आकड्यापुढे 'बीए' (ब्रिटिश असोसिएशन) लिहिलेलं असेल, तर तो विजेच्या आणि नाजूक भागांचा पाना. इथे आकडा वाढतो तसं माप घटतं. शून्य बीएचं तोंड साधारण १०.५ मिमी, तर २ बीएचं ८.२ मिमी. जुन्या अमेरिकी पान्यांवर कधी निव्वळ कारखान्याच्या यादीतला क्रमांक असतो. त्या आकड्याचा मापाशी काहीच संबंध नसतो.

एवढ्या मोजमापातून गाडीचा वंश कळतो. अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी १९४८ मध्ये आट्यांची सामाईक पद्धत मान्य केली, आणि त्यानंतर ब्रिटिश मोटारींतून व्हिटवर्थ हळूहळू हटलं. ब्रिटिश मोटारसायकलींत ते आणखी बरीच वर्षं राहिलं. पेटीत व्हिटवर्थ पाने भरपूर असतील, तर त्याच पेटीतलं अनोळखी अवजारही बहुधा जुन्या ब्रिटिश गाडीचं असतं.

तिसरी पायरी: काम करणारं टोक वाचा

मूठ बाजूला ठेवा आणि फक्त टोकाकडे बघा. ते काय करतं? पकडतं, ओढतं, दाबतं, खरवडतं की मोजतं?

ओढणारी अवजारं चटकन ओळखू येतात: मधोमध लांब स्क्रू आणि भोवती दोन-तीन पाय. नीट बघायचं ते स्क्रूचं टोक. टोकदार असेल तर ते शाफ्टच्या मध्यावरच्या खड्ड्यात बसतं. पायांची नखं आत वळलेली असतील तर पुली किंवा गिअर बाहेरून धरायचा, बाहेर वळलेली असतील तर बेअरिंग आतून धरून ओढायचं. पाय नसलेलं, आत आटे आणि वर हातोडीचे घाव खाल्लेलं जाडजूड टोपण दिसलं, तर ते निमुळत्या अ‍ॅक्सलवरून चाकाचा हब उचकटायचं अवजार असण्याची दाट शक्यता आहे.

दाबणाऱ्यांत व्हॉल्व्हची स्प्रिंग दाबणारं अवजार सगळ्यात जास्त सापडतं. त्याच्या आकारावरून इंजिनाचा प्रकारही कळतो. मोठ्या 'सी' अक्षरासारखा शिकंजा असेल, तर व्हॉल्व्ह वरच्या हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणात होते. एका बाजूने हेडखालून व्हॉल्व्हचं तोंड धरायचं, दुसऱ्या बाजूने स्प्रिंग दाबायची. चिमट्यासारखे दोन चपटे काटे असतील आणि ते एकमेकांपासून दूर जात असतील, तर व्हॉल्व्ह इंजिनाच्या ब्लॉकमध्येच बाजूला बसवलेले होते. हे काटे अरुंद जागेत शिरून स्प्रिंग वर उचलतात. पातळ पोलादी पत्र्याची गुंडाळी आणि तिला आवळायची चौकोनी किल्ली असेल, तर ती पिस्टनच्या रिंगा दाबून पिस्टन सिलिंडरमध्ये उतरवण्यासाठी.

खरवडणारी अवजारं मला सगळ्यात आवडतात. लाकडी मुठीचं, तीन धारांचं, टोकाला निमुळतं आणि किंचित वाकलेलं पातं दिसलं की लोक त्याला झिजलेली कानस समजून भंगारात टाकतात. त्या पात्याने मेकॅनिक बेअरिंगच्या आत ओतलेला मऊ पांढरा धातू खरवडायचे, तोही शाफ्ट नेमका कुठे घासतोय ते निळ्या रंगाने तपासत तपासत. आज तयार शेलची बेअरिंगं बसतात, त्यामुळे हे हातकाम जवळपास संपलं. स्क्रूने फाकणारे पाय आणि वर एक छोटं कापणारं पातं असेल, तर ते सिलिंडरच्या तोंडाशी तयार होणारी कड कापायचं. पिस्टनच्या रिंगा अगदी वरपर्यंत पोहोचत नाहीत. त्यामुळे खालचा भाग झिजतो आणि वर काठ उरतो. तो कापल्याशिवाय पिस्टन वरून काढला, तर अडकून मोडतो.

टोक चपटं, दोन्हीकडे वेगळ्या कोनात वाकलेलं आणि चमच्याच्या दांड्यासारखं असेल, तर ते ड्रम ब्रेकचं दातेरी चाक मागच्या फटीतून फिरवायचं. पातळ पात्यांचा पंखा म्हणजे फीलर गेज. पॉइंटच्या (ठिणगीसाठी वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या टोकांच्या) इग्निशनमध्ये ०.४ मिमीच्या आसपासची फट त्यानेच मोजत.

दोन वस्तू हमखास चकवतात. पहिली: धातूची नळकांडी, खाली स्पार्क प्लगसारखे आटे, वर लांब रबरी नळी. तो टायरमध्ये हवा भरायचा पंप आहे. इंजिनाचा एक प्लग काढून तो त्या जागी बसवायचा आणि उरलेल्या सिलिंडरांवर इंजिन चालू ठेवायचं. दुसरी: इंग्रजी 'व्ही'च्या आकाराची लोखंडी खाच असलेला, विजेवर चालणारा जड ठोकळा. त्यावर डायनॅमोचा किंवा स्टार्टरचा आर्मेचर, म्हणजे तारा गुंडाळलेला फिरता भाग, ठेवून वर हॅकसॉचं पातं धरतात. गुंडाळीत शॉर्ट असेल त्या जागी पातं थरथरतं आणि ठोकळा गुरगुरतो.

चौथी पायरी: झीज आणि जखमा

वापराच्या खुणा खोटं बोलत नाहीत. जिथे धातू चकचकीत झालाय तिथे तो कशाला तरी भिडत होता. दांड्याचं टोक छत्रीसारखं पसरलेलं असेल, तर त्यावर हातोडी बसत होती. पाना वाकडा असेल तर बाक नीट बघा. कारखान्यात वाकवलेल्याची चमक सलग असते. मेकॅनिकने भट्टीत तापवून वाकवला असेल, तर तिथलं क्रोम उडालेलं आणि पोलाद निळसर पडलेलं दिसतं. जोड दिलेला सॉकेट, कानशीने कोरलेली खाच, पाइपची मूठ, हे सगळं घरी बनवलेलं. असं अवजार कुठल्याही यादीत सापडणार नाही, म्हणून त्याच्या मागे यादी चाळत दिवस घालवू नका. मला मात्र अशी अवजारंच जास्त मोलाची वाटतात. एका अवघड नटाशी झुंजताना कोणाला तरी काय सुचलं, ते त्यात जसंच्या तसं उरलेलं असतं.

पाचवी पायरी: ठशांचा माग

अमेरिकी पेटंट क्रमांक असेल तर काळ ठरवणं सोपं आहे. दहा लाखावं पेटंट १९११ मध्ये दिलं गेलं, वीस लाखावं १९३५ मध्ये आणि तीस लाखावं १९६१ मध्ये. क्रमांक टाकून मूळ आराखडा इंटरनेटवर फुकट बघता येतो आणि त्यात अवजार कसं चालतं तेही लिहिलेलं असतं. फक्त तारीख कोरलेली असेल तर ती बहुधा मंगळवारची निघते, कारण तिथे पेटंट मंगळवारी देतात. त्या दिवशीची यादी चाळा. एवढं मात्र ध्यानात ठेवा की पेटंटची तारीख म्हणजे अवजार बनल्याची तारीख नव्हे. तेच अवजार पुढे बरीच वर्षं बनत राहिलेलं असू शकतं.

'वेस्ट जर्मनी' असेल तर काळ १९४९ ते १९९०. 'ऑक्युपाइड जपान' असेल तर दुसऱ्या महायुद्धानंतरचा, १९५२ पर्यंतचा. तीन रेघांचा बाण दिसला तर ती वस्तू ब्रिटिश सरकारच्या मालकीची होती. '१८जी' असा क्रमांक असेल तर बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) आणि ब्रिटिश लेलँड या कंपन्यांच्या गाड्यांचं खास अवजार, आणि 'जे' अक्षर व पुढे आकडे असतील तर केंट-मूर कंपनीने जनरल मोटर्ससाठी बनवलेलं असण्याचा संभव मोठा. त्या गाडीचं दुरुस्तीपुस्तक मिळवलं की चित्रासकट उत्तर मिळतं.

काहीच ठसा नसेल तर एखाद्या वयस्क मेकॅनिककडे जा. 'याला काय म्हणतात?' असं विचारू नका. अवजार नुसतं त्यांच्या हातात द्या आणि हाताकडे बघत राहा. नाव विसरलेलं असतं, पण मनगट बरोबर त्या दिशेला वळतं, अंगठा योग्य जागी जातो. ती हालचाल टिपून घ्या, पुढचं तुम्हाला सापडेल.

एक शंका नेहमी जवळ असू द्या: हे गाडीचं नसेलच तर? सुरुवातीच्या मोटारींची अवजारं घोडागाडी, सायकल आणि शेतीयंत्रांच्या अवजारांची भावंडं होती, आणि गॅरेजच्या पेटीत नळकाम आणि सुतारकामही बिनदिक्कत येऊन पडायचं.

अंदाज बरोबर आहे का, हे बघायला स्प्रिंग दाबणारं जुनं अवजार लगेच इंजिनावर चढवू नका. आटे झिजलेले असतील तर ताणलेली स्प्रिंग सुटून डोळ्यावर येते. सुट्या भागावर, ताण न देता, फक्त बसतं का ते बघा.

आणि पेटीतून अवजारं काढताना ती एकमेकांपासून तोडू नका. कोणतं अवजार कशाशेजारी होतं ते लिहून ठेवा. प्रत्येकाला दोऱ्याने कागदी चिठ्ठी बांधा. तिच्यावर तोंडाचं माप, ठसा आणि तुमचा अंदाज पेन्सिलीने लिहा, आणि अंदाजापुढे प्रश्नचिन्ह द्यायला विसरू नका.