इकारसला जरा सुट्टी कशी द्यावी

स्टार्टअप बुडालं की इकारस (मेणाने जोडलेल्या पंखांनी सूर्याच्या फार जवळ गेला आणि समुद्रात पडून मेला तो), संघाची दुबळी बाजू म्हणजे अकिलीसची टाच (या योद्ध्याला फक्त टाचेवर इजा होऊ शकत होती), कंटाळवाणं काम म्हणजे सिसिफसचा धोंडा (डोंगरावर ढकलला की पुन्हा खाली येणारा). लेखात असो वा वर्गात, ग्रीक पुराणांतल्या याच चार-पाच गोष्टी फिरून फिरून येतात.

पुढच्या वेळी अशी गोष्ट लिहिलीत, की आधी ती खोडून वाक्य वाचा. ‘इकारससारखी भरारी घेतली आणि कंपनी कोसळली.’ यातून इकारस काढला तर काही बिघडलं? नाही ना? मग तो नकोच होता. बहुतेक वेळा काम इथेच संपतं.

तरी गोष्ट हवीच असेल, तर सारांशावर भागवू नका, मूळ प्रसंग वाचा. इकारससाठी ओव्हिड या रोमन कवीच्या ‘मेटामॉर्फोसिस’चा आठवा भाग उघडा. तिथे बाप डेडॅलस पोराला दोन गोष्टी बजावतो: फार वर गेलास तर पंख उन्हाने जळतील, फार खाली गेलास तर समुद्राच्या पाण्याने जड होतील. ही दुसरी सूचना प्रेरणादायी भाषणांत सहसा गाळलेली असते.

आता थोडं पुढे वाचा, कारण खरी मेख तिथे आहे. डेडॅलस मुलाला पुरत असतो आणि चिखलाच्या चरातून एक तितर पंख फडफडवत आनंदाने ओरडतो. हा तितर म्हणजे डेडॅलसचा भाचा. माशाचा काटा पाहून या 12 वर्षांच्या पोराने करवत बनवली, म्हणून जळफळून मामाने त्याला अथेन्सच्या अक्रोपोलिसवरून ढकललं. देवीने वरच्यावर झेलून त्याचा पक्षी केला. (मामा म्हटलं की आपल्याला कंस आठवणार, पण कंसाला निदान जिवाची भीती होती, इथे नुसता मत्सर.) तेव्हापासून तो पक्षी उंच उडत नाही, असं ओव्हिड सांगतो. वर्गात इथपर्यंत सांगा आणि मगच विचारा, इकारस कुणामुळे मेला? फळ्यावर ‘अहंकार’ लिहायची घाई करू नका.

होमरचं नाव घेण्याआधीही तपासा. अकिलीसची टाच त्याच्या ‘इलियड’ महाकाव्यात नाहीच, तिथे भाल्याने अकिलीसच्या हाताला जखम होते आणि रक्त येतं. अंगाला इजा होऊ नये म्हणून आईने त्याला पाताळातल्या स्टिक्स नदीत बुडवल्याचं सांगतो तो इसवी सनाच्या पहिल्या शतकातला रोमन कवी स्टेशियस.

शेवटी, बदली खेळाडू शोधा. लोभावर लिहायचंय आणि मिडासचा (हात लावेल त्याचं सोनं होणारा राजा) कंटाळा आलाय, तर एरिसिक्थॉन घ्या. तोही ओव्हिडच्या त्याच आठव्या भागात आहे. धान्यदेवीच्या देवराईतला ओक तो तोडतो, आडवं येणाऱ्याचं मुंडकं उडवतो. देवी त्याच्या अंगात भूक सोडते. जितकं खाईल तितकी ती वाढते. घरदार संपतं, मुलगी विकली जाते, शेवटी तो स्वतःचेच लचके तोडतो. जंगलतोडीवरच्या लेखात याला जागा आहे. नाव अनोळखी, त्यामुळे गोष्ट तीन-चार वाक्यांत सांगावीच लागेल. नुसतं ‘एरिसिक्थॉनसारखा’ लिहून पुढे सरकलात, तर वाचक गुगल करायला जाईल आणि तिकडेच रमेल.